रिंग आली नाही तर

वरचा मळा, लेण्याद्रीजवळ, ता. जुन्नर
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रतीक्षा,

फोनवर आपण दोघी भांडतो, म्हणून हे पत्र मेलवर लिहिते आहे. लिहिलं की तुला मध्येच तोडता येत नाही, हा मोठा फायदा. शिवाय फोनच्या वेळी सासूबाई शेजारी शेंगा फोडत बसलेल्या असतात आणि आपलं बोलणं संपलं की विचारतात, “इंग्रजीत काय म्हनलीस मला?” आपण दोघी इंग्रजी फक्त त्यांना नावं ठेवायला शिकलो असा त्यांचा समज आहे.

दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा भरली. आमची मुक्ता आता तिसरीत आहे. मळ्यापासून शाळेपर्यंत कालव्याच्या चारीच्या कडेने वाट जाते आणि दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढा ऊस. तोडणी सुरू झाली आहे, म्हणजे बिबट्याचं घर रोज थोडं थोडं मोडतंय. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. सध्या मादी पिल्लांना घेऊन या चारीलगत आहे, एवढं सगळ्यांना माहीत आहे. नेमकी कुठे ते कुणालाच माहीत नाही.

तू फोनवर जिला नाक मुरडलंस ती माझी रिंग अशी चालते. वाघ दिसला की ज्याने पाहिला तो एका नंबरवर मेसेज टाकतो. संध्याकाळी पाचला माझा प्रोग्रॅम ते मेसेज वाचतो. आमच्या वाटेजवळचा एखादा असला, तर मळ्यातल्या घराघरात आणि शाळेच्या मंगलबाईंच्या फोनवर रिंग जाते. उचलायचं कुणीच नाही. रिंग आली की बाई पोरांना व्हरांड्यात थांबवतात आणि आम्ही काठ्या घेऊन न्यायला जातो. रिंग नाही आली, तर पोरं आपली आपण येतात. दोन वर्षं एकदाही चुकलेलं नाही.

आणि तू म्हणालीस, “लेकरांच्या जिवाचं काम असं कच्च्या दोऱ्यावर टांगू नये.” मला फार लागलं ते. तिकडे युरोपात, टॅलिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं गं. म्हणून फोन आपटला. त्याबद्दल माफी मागणार नाही, पण पत्र लिहिते आहे, ते त्याच्याच जागी धर.

जाता जाता तू म्हणाली होतीस की तुमच्याकडे काहीतरी मोठा बदल होतोय. नक्की काय बदलताय? मुक्ताचा बाबा, अमृत, विचारतो, प्रतीक्षा तिकडे काय काम करते. मी सांगते, कॉम्प्युटर. तो म्हणतो, ते मलाही कळतंय.

तुझी,
अश्विनी


टॅलिन
६ नोव्हेंबर

प्रिय अश्विनी,

सप्रेम जय भीम. शेळ्या वाचून हसले आणि मग वाईट वाटलं. मी बोलले ते काळजीनं. मुक्ताला मी पाळण्यात पाहिलंय.

अमृतभाऊंना असं सांग. आम्ही एक भाड्याचं स्वयंपाकघर चालवतो. जगभरातले प्रोग्रॅम लिहिणारे आपला शिधा घेऊन येतात, शिजतंय का ते बघतात आणि जातात. प्रत्येकाला दर वेळी धुतलेली, कोरी खोली मिळते. चूल, तवा, भांडी आमची. कोणती खोली हवी हे सांगायची सोय आहे, पण बहुतेक लोक सांगतच नाहीत. न सांगणाऱ्याला जी मिळते ती डिफॉल्ट. ती खोली आता जुनी झाली, तिच्या दुरुस्त्या बंद होणार आहेत. म्हणून एक डिसेंबरपासून न सांगणाऱ्यांना नवी खोली मिळेल. हा बदल माझ्याकडे दिलाय. बटण माझ्या हातून दाबलं जाणार.

खरं सांगू? मला झोप नीट लागत नाही. जुन्या खोलीतली काही भांडी नव्या खोलीत नाहीत. ज्यांनी आपली भांडी आपण आणली त्यांचं काही अडणार नाही. पण तिथलाच तवा उचलून वापरायची सवय ज्यांना लागली, त्यांचं त्या दिवशी बंद पडेल. आम्ही सगळ्यांना मेल पाठवल्या आहेत. बरेच जण उत्तर देत नाहीत. आमचा प्रमुख म्हणतो, जे गप्प आहेत त्यांची हरकत नाही असं धरायचं. मीही बैठकीत मान हलवली. घरी येऊन वाटलं, गप्प असणं म्हणजे काय काय असू शकतं.

तुझी रिंग कुठल्या सर्व्हरवर चालते? रोजचं काम आहे, तर जागा पक्की हवी. सांग, म्हणजे मी शांत राहीन.

तुझी,
प्रतीक्षा


वरचा मळा
११ नोव्हेंबर

प्रिय प्रतीक्षा,

सर्व्हर ग्रामपंचायतीचा आहे. पक्का आहे. आता शांत राहा आणि नीट झोप.

इकडे माझा भाव वधारला आहे. परवा गेणभाऊंनी, म्हणजे आमचे ट्रॅक्टरवाले, चारीच्या मोरीजवळ, त्या छोट्या पुलाशी, वाघ पाहिला आणि मेसेज टाकला. पाचला रिंग गेली, आम्ही पोरं घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी त्याच मोरीपाशी शेजारच्या प्रयागबाईंची शेळी गेली. मामंजी, तुला माहीत आहे कुंडलिकमामा किती मोजकं बोलतात, ते चार माणसांत म्हणाले, “सुनंनं लई कामाचं केलं.” मी चहात आणखी साखर घातली.

सासूबाई मात्र अजून अडून बसल्या आहेत. त्यांचं म्हणणं, मी सगळं उलटं केलंय. “आमच्यात रिंग आली म्हंजी माणूस पोचलं,” त्या म्हणतात. “रिंग न्हाई आली तर जिवाला घोर. आन् तुझ्यात रिंग न्हाई आली तर सगळं ब्येस. आसं कुठं आसतं व्हय?” मी म्हटलं, आत्या, रोज रोज रिंग कशाला, वाघ असेल तेव्हाच पुरे. त्या म्हणाल्या, “तुझा फोनच मेला तर?” मी म्हटलं, माझा फोन नाही तो, प्रोग्रॅम आहे. त्यांनी शेंगांची पाटी उचलली आणि आत गेल्या. सासूबाईंशी वाद जिंकता येतो, पण जिंकल्यासारखं कधी वाटत नाही.

कॉलेजातून सुट्टीला निघालीस की तूही घरी पोचल्यावर अशीच एक रिंग द्यायचीस, आठवतं? मी आमटीचं ताट घेऊन फोनपाशी बसायची.

तुझी,
अश्विनी


टॅलिन
१५ नोव्हेंबर

प्रिय अश्विनी,

पंचायतीचा सर्व्हर ऐकून जिवात जीव आला. आता मुक्ताची काळजी तुझ्यावर आणि पंचायतीवर सोडते.

ती रिंग कशी विसरेन. तुला एक द्यायची आणि निघताना आईला एक, की गाडीत बसले. एकदा घोडेगावला गाडी बंद पडली आणि माझ्या फोनचं चार्जिंग निघण्याआधीच संपलेलं. शिनोलीत घरी आई दारात उभी. नेहमीची वेळ टळली तशी ती बाबांना म्हणाली, “रिंग न्हाई आली.” एवढंच. बाबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली, बॅटरी घेतली आणि रस्त्याने चालत निघाले. मी अर्ध्या वाटेवर त्यांना भेटले. ते रागावले नाहीत, काही विचारलं नाही, फक्त माझी पिशवी घेतली. आमचे बाबा, सोमनाथ कांबळे, रस्त्याने गप्प चालले की समजायचं, फार घाबरले होते. मला अजून ती बॅटरी दिसते, लांबून हलत येणारी.

कामाचं म्हणशील तर तयारी चालू आहे. येत्या मंगळवारी एक छोटी चाचणी आहे. दुपारी काही तास नवी खोली उघडायची, काय मोडतं ते बघायचं आणि परत जुनी लावायची. इतकं छोटं की कुणाला कळणारही नाही.

मुक्तासाठी लोकरीची टोपी पाठवते आहे. जुन्नरच्या थंडीला जास्तच होईल, पण असू दे.

तुझी,
प्रतीक्षा


वरचा मळा
१९ नोव्हेंबर

प्रतीक्षा,

काल मंगळवार होता. काल रिंग आली नाही.

कुणाला काही वाटलं नाही, कारण न येणं म्हणजे सगळं ठीक. मीच तसं शिकवलंय सगळ्यांना. अमृत टोमॅटो घेऊन पेठेला गेला होता, मी गोठ्यात होते. पोरं आपली आपण निघाली. मुक्ता पुढे, गाणं म्हणत.

गेणभाऊ ट्रॅक्टर घेऊन त्याच वाटेने येत होते. त्यांनी मोरीच्या वरच्या बांधावर मादी बसलेली पाहिली. खालून पोरं चालली होती. भाऊंनी ट्रॅक्टर पोरांच्या आणि बांधाच्या मधे घातला, इंजिन रेटलं आणि चालत्या पोरांच्या अंगाला अंग लावून घरापर्यंत आणला. अंगणात उतरले ते थेट माझ्यासमोर आले.

“म्या चार वाजताच कळवलं व्हतं,” ते ओरडले. “रिंग का न्हाई?”

आणि मी काय म्हटलं असेल? काही न बघता, सगळ्यांसमोर म्हटलं, “तुमचा मेसेजच आला नसंल, भाऊ.” त्यांनी किल्ली खिशात टाकली. मग ट्रॅक्टर तिथेच सोडून पायी घरी गेले.

लॅपटॉप उघडला. त्यांचा मेसेज होता. चार वाजताचा. माझा प्रोग्रॅम लाल झालेला होता, सुरूच झाला नव्हता. तो पंचायतीच्या सर्व्हरवर नाही, प्रतीक्षा. पंचायतीच्या कॉम्प्युटरवर दाखले निघतात, तेही वीज असली तर. तो तुमच्या खोलीत चालतो. कॉलेजात तू मला ते खातं काढून दिलं होतंस, प्रोजेक्टसाठी. तिथे रोज ठरलेल्या वेळी काम चालवायची सोय दिसली, फुकट होती, मी लावून टाकलं. तुमच्या मेल त्या कॉलेजच्या पत्त्यावर जात असणार. तो पत्ता बंद पडून जमाना झाला.

तुला सांगितलं नाही, कारण तू कच्चा दोरा म्हणाली होतीस आणि ते खरं होतं.

पण तूही लिहिलं होतंस की कुणाला कळणारही नाही. ते वाक्य मी वाचलं आणि पुढे गेले. आज ते दहा वेळा वाचलं. मुक्ता शेजारी टोपीची वाट बघत बसली आहे आणि मला तुझा इतका राग आलाय की काय लिहू कळत नाही. माझा त्याहून जास्त आलाय.

अश्विनी


टॅलिन
२० नोव्हेंबर

अश्विनी,

मंगळवारी दुपारी दीडला, म्हणजे तुझ्या पाचला, नवी खोली मीच उघडली होती. आमच्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. जी थोडी कामं लाल झाली, म्हणजे बंद पडली, त्यांच्याकडे बघून कुणीतरी म्हणालं, ही मेलेली कामं आहेत, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. मग केक कापला. मी केक खात होते तेव्हा मुक्ता त्या बांधाखालून चालली होती.

आता ऐक. पहिली गोष्ट: फाइलमध्ये जुन्या खोलीचं नाव स्पष्ट लिही. खाली ते कसं लिहायचं ते दिलंय, एका ओळीचं काम आहे. मग एक डिसेंबरला तुझं काही बदलणार नाही. ही सोय उन्हाळ्यापर्यंत राहील, तोवर दुसरी जागा शोधू. पैशांची काळजी करू नकोस.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मोडलं ते आमच्यामुळे, पण मोडलेलं कुणाला कळलं नाही ते तुझ्यामुळे. उद्या वीज जाईल, रेंज जाईल, गेणभाऊंचा फोन पाण्यात पडेल. प्रत्येक वेळी रिंग येणार नाही आणि तुम्ही म्हणाल, सगळं ठीक. सासूबाई बरोबर आहेत. बाबा ज्या रात्री बॅटरी घेऊन निघाले, तेव्हा त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. फक्त रिंग आली नव्हती. तुझी रिंग उलटी कर. वाट मोकळी असेल तर वाजव. गप्प राहिली तर सगळ्यांनी निघायचं, कारण काहीही असो.

मी प्रमुखाला तारीख पुढे ढकलायला सांगितली. तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, गप्प असलेल्या कामांत जिवंत कामं आहेत. तो म्हणाला, एक उदाहरण पुरेसं नाही. तारीख तीच आहे.

एक डिसेंबरला तुझी रिंग वाजली आणि मुक्ता घरी आली की मलाही एक रिंग दे. मी उचलणार नाही. फक्त वाजू दे.

प्रतीक्षा

ता. क. गेणभाऊंशी बोललीस का?


वरचा मळा
२५ नोव्हेंबर

प्रिय प्रतीक्षा,

बोलले. सगळ्यांसमोर दोष दिला होता, तर सगळ्यांसमोरच बोलायला हवं होतं. रविवारी आमच्या खळ्यावर मळ्यातली माणसं जमवली. म्हटलं, “गेणभाऊंचा मेसेज आला होता. माझं यंत्र बंद पडलं होतं आणि मी त्यांच्यावर ढकललं.” भाऊ विडी पेटवत म्हणाले, “मला ठावं व्हतं. पर तुझ्या तोंडून आयकायचं व्हतं.” मग विडी विझवली आणि म्हणाले, “आता पुढचं बोल.”

पुढचं म्हणजे रिंग उलटी. त्यावर बराच गोंधळ झाला. मळ्यातला भिका म्हणाला, “रोज रिंग वाजनार, मंग रोज ध्यान द्यायचं?” मामंजी म्हणाले, “आन् लाइट गेली, रेंज गेली, की उगाच सगळ्यांनी काठ्या घिऊन पळायचं?” प्रयागबाई, ज्यांची शेळी गेली, त्या एवढंच म्हणाल्या, “पळू. पाय हायेत अजून.” सासूबाईंनी जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तिथेच रडू आलं.

तर ठरलं असं. पाचला रिंग आली म्हणजे वाट मोकळी, बाईंनी पोरं सोडायची. रिंग नाही आली म्हणजे पोरं व्हरांड्यात, आणि आम्ही निघायचं.

तू दिलेली ओळ फाइलमध्ये घातली आहे. आणि मी स्वतःची एक सुधारणाही केली आहे. पाचला काही कारणाने यंत्र चाललं नाही, तर अर्ध्या तासाने ते आपोआप पुन्हा प्रयत्न करेल. आता तरी म्हण की दोरा थोडा पक्का झाला.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, पण बसून पाणी पितोय. टोपी आली. मुक्ता ती घालून झोपते.

तुझी,
अश्विनी


टॅलिन
१ डिसेंबर

प्रिय अश्विनी,

हे तुला उद्या मिळालं तरी चालेल. हात मोकळे ठेवता येत नाहीत म्हणून लिहिते आहे.

बदल सकाळी झाला. पडदा हिरवा आहे. शेजारची दोघं खुर्च्या मागे टाकून बसली आहेत. माझ्यासमोर फोन ठेवलाय.

दीड वाजला. तुझे पाच. मुक्ता अजून शाळेत असेल. वाट पाव तासाची, मला ठाऊक आहे, तरी फोन दीडलाच उलटा-सुलटा करून बघितला.

पावणेदोन. रिंग आली नाही. तुला फोन केला. कुणी उचलत नाही. अमृतभाऊंचा बंद आहे.

प्रमुख येऊन पाठीवर थाप मारून गेला. म्हणाला, उत्तम झालं. मी म्हटलं, मला हा बदल मागे घ्यायचाय. त्याला वाटलं मी गंमत करतेय. कारण विचारलं. मी म्हटलं, एक रिंग यायची होती, ती आली नाही. तो म्हणाला, पडद्यावर तर काहीच दिसत नाही. मी म्हटलं, तेच.

बाबांनी आईला कारण विचारलं नव्हतं. मीही आता विचारत नाही. बटण माझ्याकडे आहे. दोन वाजायला थोडा वेळ आहे. मागे घेते आहे, सगळ्यांसाठी.

घेतला.

प्रतीक्षा


वरचा मळा
४ डिसेंबर

प्रिय प्रतीक्षा,

तुला त्या संध्याकाळी फक्त “मुक्ता घरी आहे” एवढा मेसेज टाकला आणि बाकीचं सांगितलं नाही. सांगावं की नाही, यात तीन दिवस गेले. सांगते. तुला कळायलाच हवं.

सोमवारी पाचला रिंग आली नाही. तू दिलेली ओळ मी फाइलमध्ये एकाच ठिकाणी लिहिली होती. प्रोग्रॅम नीट आहे का ते तपासायचा भाग असतो, तिथे. रिंग पाठवायचा भाग वेगळा आहे, तो राहिलाच. तो गेला नव्या खोलीत आणि तिथे त्याला त्याचा तवा मिळाला नाही.

पण या वेळी आम्हाला लगेच कळलं. कुणी विचारलं नाही, कारण काय. घराघरातून माणसं बाहेर आली. मामंजी, सासूबाई, प्रयागबाई, भिका, गेणभाऊ. मी फोन पदराला बांधला आणि तुझा फोन आला तो उचलला नाही. पाचनंतरचा फोन उचलायचाच नाही, अशी हाताला सवय झाली आहे.

मोरीपाशी ती वाटेवर बसली होती. बांधावर नाही, वाटेच्या मधोमध. मागे उसात काहीतरी हलत होतं, पिल्लं असावीत. आम्ही थांबलो. तीही उठली नाही. त्या दिवशी तिला कुणीच पाहिलं नव्हतं, म्हणून कुणी मेसेज टाकला नव्हता. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. माझं यंत्र धडधाकट असतं, तर त्याने पाचला वाट मोकळी म्हणून रिंग दिली असती आणि आमच्याआधी तिच्यापुढे मुक्ता पोचली असती. गाणं म्हणत.

आणि तेव्हाच आमच्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

तू बदल मागे घेतलास, जुनी खोली परत आली, माझ्या त्या सुधारणेने साडेपाचला पुन्हा प्रयत्न केला, आणि रिंग आली. वाट मोकळी आहे, अशी. मादी दचकली, कान पाडले आणि एका उडीत उसात गेली. मामंजींनी फोन काढला, बघितला आणि म्हणाले, “वाट मोकळी म्हनतंय.”

हसायला वेळ नव्हता. कारण मला आठवलं की तीच रिंग मंगलबाईंनाही गेली असणार.

मी बाईंना फोन लावला. वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही. कोण उचलेल? मीच शिकवलंय ना. मग आम्ही पळालो. सासूबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. चपला कुठे पडल्या त्यांच्या, अजून सापडल्या नाहीत.

पोरं दप्तरं पाठीला लावून व्हरांड्याच्या कडेला उभी होती आणि बाई फाटकाला पाठ लावून. रिंग आली तशी पोरं निघायला लागली होती. बाई म्हणाल्या, “मी सोडतच होते. तेवढ्यात लगेच दुसरी रिंग आली. एक उशिरा आणि वर दुसरी, असं कधी झालं नाही. म्हटलं काहीतरी बिनसलंय, माणूस दिसेपर्यंत फाटक उघडायचं नाही.” ती दुसरी म्हणजे माझा फोन, जो त्यांनी उचलला नव्हता.

मी मुक्ताला उचललं. तिसरीतली पोर, जड झाली आहे. तशीच घरापर्यंत आणली. ती म्हणत होती, आई, मला चालता येतं.

तुझ्यावर राग नाही. तू जे केलंस ते सोमनाथकाकांनी केलं तसंच केलंस. पण तू निघालीस ते टॅलिनहून, आणि आम्ही वाटेवर आधीच होतो. एवढाच फरक. पुढे बदल करशील तेव्हा कर, जुनी खोली जन्मभर पुरायची नाही, हे मलाही कळतं. मी आता दोन्ही ठिकाणी नाव लिहिलंय आणि ती पुन्हा प्रयत्न करायची हुशारी काढून टाकली आहे. तुझ्या नोकरीचं काय झालं ते लिही. लपवू नकोस, लपवून आपण दोघींनी काय केलं ते बघितलंस.

रिंग अजून येते, पाचला. पण ती आता एवढंच सांगते की निघायची वेळ झाली. वाट मोकळी आहे की नाही, ते आम्ही पाळीपाळीने जाऊन बघतो. आज रेंज नव्हती. मी अंगणात आले तर सासूबाई काठी घेऊन दारात उभ्या. म्हटलं, रिंग कुठे आली अजून?

“यील न्हाईतर न्हाई यील,” त्या म्हणाल्या. “पोरं तर यायचीच हायेत.”

मुक्ता आत्ता हातपाय धुतेय, पाण्याचा आवाज इथे ऐकू येतोय. रेंज आली की तुला एक रिंग देते. उचलू नकोस.

तुझी,
अश्विनी